संकेतस्थळ बनवून घेण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बहुतेक ग्राहक मोबाइलवर दुसऱ्या कोणाचे तरी संकेतस्थळ उघडून दाखवतात आणि ‘आम्हाला अगदी असेच हवे’ असे सांगतात. ते बहुधा एखाद्या मोठ्या कंपनीचे असते, दिसायला देखणे असते आणि त्या वर्षी जे चलनात आहे ते सगळे त्यात असते. ही मागणी आम्ही कधीच हसण्यावारी नेत नाही, कारण आपल्या डोळ्यांना काय आवडते हे आम्हाला त्यातूनच कळते. तरीही आम्ही लगेच होकार न देता आधी बरेच प्रश्न विचारतो, आणि त्यातला पहिला नेहमी एकच असतो : हे पान वाचणारा माणूस कोण आहे आणि तो कोठे, कशावर वाचणार आहे? हा प्रश्न आम्ही का विचारतो आणि त्याच्या उत्तरावरून आम्ही काय करतो, हे निवांतपणे सांगता यावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हापासून संकेतस्थळांच्या रूपात अनेक चाली येऊन गेल्या. एके काळी पान उघडण्याआधी फ्लॅश या तंत्राने बनवलेले हलते चित्र दाखवणे प्रतिष्ठेचे मानले जाई. अ‍ॅडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि ज्यांचे संपूर्ण संकेतस्थळच त्यावर उभे होते, त्यांना सगळे नव्याने बांधावे लागले. पुढे स्पर्शाने चालणारे फोन आले तेव्हा पडद्यावरची बटणे उठावदार, सावली असलेली, खऱ्या वस्तूसारखी दाखवत, कारण काचेवर बोट टेकवून काम करण्याची कोणालाच सवय नव्हती. ती सवय झाल्यावर २०१३ मध्ये अ‍ॅपलने आपल्या फोनवरून ती नक्षी काढून टाकली, २०१४ मध्ये गुगलनेही आपली नवी रचनापद्धती जाहीर केली आणि सपाट रूपाची चाल सर्वत्र रुळली. प्रत्येक बदलामागे त्या वेळचे कारण होते. अडचण तेव्हा होते, जेव्हा कारण मागे राहते आणि केवळ रूप उचलले जाते. सपाट रूपाच्या नादात बटण आणि साधा मजकूर सारखेच दिसू लागले आणि नेमके कोठे दाबायचे, हे साठीच्या पुढच्या माणसाला कळेनासे झाले. म्हणून ‘नोंदणी करा’ हे बटण आम्ही आजही बटणासारखेच ठेवतो, मग ते थोडे जुन्या वळणाचे वाटले तरी चालेल.

ही समज आम्हाला आमच्याच एका चुकीतून आली. काही वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयासाठी आम्ही संपूर्ण पडदा व्यापणारी चित्रफीत मुखपृष्ठावर लावली होती. मालकांना ती आवडली, आम्हालाही तिचा अभिमान वाटत होता. पण लोक संकेतस्थळ पाहूनही फोन करून विचारत की सभागृहात किती माणसे बसतात, खोल्या किती आहेत, जेवणाची पंगत वेगळ्या जागी होते का. ही सगळी माहिती त्याच पानावर, चित्रफितीच्या खाली होती. तिथपर्यंत कोणी पोहोचतच नव्हते. आम्ही आमच्या खर्चाने ते मुखपृष्ठ बदलले. आसनसंख्या, खोल्या, वाहनतळ, नकाशा आणि फोन क्रमांक वर घेतले आणि चित्रफीत वेगळ्या पानावर नेली. त्यानंतर येणारे फोन तारखेची चौकशी करणारे होते. मुखपृष्ठावर आपोआप सरकत राहणाऱ्या चित्रांचा आग्रह झाला की आम्ही हीच गोष्ट सांगतो, कारण तिथेही दुसऱ्या-तिसऱ्या चित्रावर लिहिलेले वाचायला कोणी थांबत नाही.

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि ज्यांनी संगणक कधी हाताळला नव्हता अशी कितीतरी कुटुंबे थेट फोनवरून इंटरनेटवर आली. आपला ग्राहक बहुधा त्यांच्यातला आहे. तो एसटीत बसून, मार्केट यार्डात उन्हात उभा राहून किंवा घाटात रेंज येत-जात असताना आपले पान उघडतो. म्हणून आम्ही रचना फोनच्या पडद्यापासून सुरू करतो आणि मग ती संगणकासाठी रुंदावतो. आताच्या फोनने काढलेला एक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. कार्यालयातल्या ब्रॉडबँडवर तो क्षणात उघडतो आणि त्यामुळे त्याचे वजन मालकाच्या लक्षातच येत नाही. आम्ही असे फोटो शक्यतो १५०-२०० केबीपर्यंत उतरवतो आणि तयार झालेले पान एका जुन्या, साध्या अँड्रॉइड फोनवर बाहेर रस्त्यावर जाऊन तपासतो. करड्या पार्श्वभूमीवर फिकट करडी अक्षरे हे अलीकडचे आवडते रूप त्या उन्हात पूर्ण नाहीसे होते. सर्वांना वाचता येतील अशा पानांसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांनुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातले गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते, आम्ही त्याच्या खाली उतरत नाही.

सर्वांत जास्त काळजी आम्ही मराठी अक्षरांची घेतो, आणि इथे आपल्यालाही थोडे तपशिलात नेण्याची परवानगी असावी. संकेतस्थळांच्या बहुतेक चाली रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडलेल्या असतात. शीर्षकातली अक्षरे लांब लांब ठेवणे रोमनमध्ये शोभते. देवनागरीत तेच केले तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला किंवा रफाराला जाऊन भिडतो, म्हणून दोन ओळींमधले अंतर आम्ही अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिकच ठेवतो. रोमनसारखी मोठ्या लिपीतली (कॅपिटल) अक्षरे आपल्याकडे नाहीतच, तेव्हा शीर्षकाचा भारदस्तपणा आकारातून आणि जाडीतून आणावा लागतो. तिरपी अक्षरे तर आम्ही वापरतच नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण पान मराठीत आहे हे पानाच्या आतल्या संकेतात (कोडमध्ये) नोंदवले नाही तर हिंदी वळणच उमटते. ही नोंद केल्याने, दृष्टिहीन व्यक्तींसाठी पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही कोणत्या भाषेत उच्चार करायचा ते कळते. ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ‘ऱ’ नीट उमटतो की नाही, हे आम्ही प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये सर्वप्रथम पाहतो.

पूर्वी यासाठी फार पर्याय नव्हते. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजबरोबर येत असे आणि त्यावर अनेक वर्षे काम भागवले गेले. आता मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले मुक्ता आणि बलू, गुगलचा नोटो, खास मराठी वळणाचा टिरो देवनागरी मराठी असे चांगले फॉन्ट विनामूल्य मिळतात. मात्र जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते, म्हणून एका संकेतस्थळावर आम्ही दोनच जाडी वापरतो. मजकुराचे तसे नाही. युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती; तिच्या नेहमीच्या साठवणीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे दहा हजार चिन्हांचा भरगच्च लेखही सुमारे ३० केबीतच मावतो. मराठी मजकुराने पान जड होते, अशी शंका आमच्याकडे वारंवार येते, म्हणून हा हिशेब मांडला. श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालींत टंकलेला मजकूर मात्र तसाच चढवता येत नाही. त्या प्रणालीचा फॉन्ट वाचकाच्या फोनवर नसेल तर निरर्थक चिन्हे दिसतात आणि शोधयंत्रालाही काही सापडत नाही. रूपांतर करून देण्याचे काम आम्ही करतो, पण त्यात रफार आणि जोडाक्षरे सरकतात, म्हणून मूळ प्रत शेजारी ठेवून मुद्रितशोधन करणे आवश्यक असते आणि त्यासाठी वेगळा वेळ धरावा लागतो.

काही मागण्या आम्ही नाकारतो. ‘फक्त २ पेट्या शिल्लक’, ‘आत्ता १७ जण हे पाहत आहेत’ अशा खोट्या पाट्या लावून देण्याचे काम आम्ही घेत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित करून अशा १३ फसव्या रचनांना मनाई केली आहे. खोटी घाई लावणे त्यात आहे, तसेच पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर वाढीव आकार दाखवणेही आहे. हापूस विकणाऱ्या आमच्या ग्राहकांना आम्ही पेटीचा भाव आणि घरपोच पाठवण्याचा खर्च पहिल्याच पानावर शेजारी-शेजारी लिहायला सांगतो. कायद्याचा प्रश्न नसता तरी आम्ही हेच सांगितले असते, कारण शेवटच्या पायरीवर दुखावलेला माणूस पुढच्या हंगामात परत येत नाही.

कितीही खाली गेले तरी न संपणारे पान हीदेखील अशीच एक मागणी आहे. २००६ मध्ये ही कल्पना मांडणारे रचनाकार आझा रास्किन यांनी पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. आमची हरकत अधिक साधी आहे : दुकानाचा पत्ता, वेळ आणि फोन क्रमांक लोक पानाच्या तळाशी शोधतात, आणि अशा पानाला तळच नसतो.

व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम असताना संकेतस्थळ कशाला, असेही विचारले जाते. रोजची ओळख तिथे जरूर ठेवावी; पण तिथले नियम दुसऱ्याच्या हातात असतात आणि सहा महिन्यांपूर्वीचे दरपत्रक तिथे कोणाला सापडत नाही. त्याच कारणाने डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, आपल्याच नावावर आणि आपल्याच ईमेलवर नोंदलेले असावे. आमच्याकडे आलेल्या एका व्यावसायिकाचे डोमेन आधीच्या कंत्राटदाराच्या नावावर होते. तो संपर्कात राहिला नाही आणि अनेक वर्षांच्या ओळखीचा पत्ता त्यांना सोडून द्यावा लागला. आम्ही नोंदणी आपल्यासमोर बसून करतो आणि संकेतशब्द आपल्याकडे देतो. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी नावही घेता येते, पण त्यावरचा ईमेल काही ठिकाणी स्वीकारला जात नाही, म्हणून ते जोडीचे नाव म्हणून घ्यावे.

पहिल्या भेटीला येताना फोटो मूळ फाइलच्या रूपात पेनड्राइव्हवर आणावेत, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की त्यांचा दर्जा उतरतो. सोबत एक वही आणावी. भेटीच्या आधीचा एक आठवडा दुकानातल्या फोनजवळ ती ठेवावी आणि फोन करणाऱ्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न, तोच तो असला तरी, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा. मुखपृष्ठावर काय आणि कोणत्या क्रमाने यावे, हे आम्ही त्या वहीवरून ठरवतो.