जलपर्णी नियंत्रण

नदीपात्रात पसरणारी जलपर्णी वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवण्याची कामे. जलपर्णी (पाँटेडेरिया क्रॅसिपेस, जुने नाव आयकॉर्निया क्रॅसिपेस) मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील. कोल्हापूरकडे तिला केंदाळ म्हणतात. जांभळट फुलांच्या हौसेने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि तिथले जलमार्ग इतके तुंबले, की १९३६ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रात पवना, मुळा, मुठा, इंद्रायणी आणि पंचगंगा या नद्यांना तिचा मोठा उपद्रव आहे.

उन्हाळ्यात यंत्रे लावून पात्र मोकळे केले, तरी जलपर्णी पुन्हा येते. फूल कोमेजल्यावर त्याचा देठ वाकून पाण्यात जातो आणि बी गाळात पडते. ते पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. शिवाय काठाला अडकून राहिलेल्या एखाद्या रोपालाही धावत्या खोडावर नवी रोपे फुटतात. अनुकूल पाण्यात तिचा पसारा दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होतो. तिला पोसणारे नत्र-स्फुरद पाण्यात येते ते मुख्यतः सांडपाण्यातून. त्यामुळे मैलापाणी शुद्ध न करता नदीत सोडणे थांबत नाही तोवर जलपर्णी काढण्यावरचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो. ती काढण्याची निविदा निघते, नाले मात्र तसेच वाहत राहतात. खरी चूक इथेच होते.

जैविक नियंत्रणासाठी निओचेटिना प्रजातीतील दोन जातींचे सोंडे भुंगेरे (सोंडेसारखे तोंड असलेले किडे) वापरतात. ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस भारतात आणले गेले आणि बंगळूर परिसरातील तळ्यांत त्यांचा चांगला परिणाम दिसला. प्रौढ भुंगेरे पाने कुरतडतात, अळ्या देठ पोखरतात. रोप खचते, फुलोरा घटतो आणि पुढे ते बुडते. याला काही वर्षे लागतात. वाहत्या नदीत अडचण अशी, की पुरात रोपांबरोबर भुंगेरेही वाहून जातात आणि यंत्राने सगळी जलपर्णी उपसली तर तेही काठावर सुकून मरतात. म्हणून भुंगेरे सोडलेल्या पट्ट्यात थोडी जलपर्णी मुद्दाम राखावी लागते. पाणी फारच पोषक असेल, तर रोपांची वाढ किड्यांना पुरून उरते.

तणनाशकाने रोपे लवकर मरतात; पण ती तिथेच कुजून पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. पिण्याचे पाणी उचलतात त्या पात्रात हा मार्ग धरू नये.

काम उगमाकडून खाली करत यावे लागते. पवनेची जलपर्णी दापोडीला मुळेत येते, तिथून मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनी जलाशयात पोचते. इंद्रायणी तुळापूरला भीमेलाच मिळते. पावसाळ्यात पूल आणि बंधाऱ्यांतून पुढे ढकललेली जलपर्णी म्हणूनच खालच्या गावांच्या वाट्याला येते.

काढलेल्या जलपर्णीपासून खत व बायोगॅस करता येतो. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे ती लांब वाहून नेणे परवडत नाही. कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या पात्रातील जलपर्णी मुळांत जड धातू साठवते. तिचे खत तपासल्याशिवाय भाजीपाल्याला घालू नये.