देशमुख, गणपतराव

(१० ऑगस्ट १९२६–३० जुलै २०२१). शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचे अकरा वेळा निवडून आलेले आमदार. पूर्ण नाव गणपतराव अण्णासाहेब देशमुख. तालुक्यात त्यांना ‘आबासाहेब’ किंवा नुसतेच ‘आबा’ म्हणत. जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे. व्यवसायाने वकील. शेकापच्या स्थापनेचे वर्ष कुठे १९४७, तर कुठे १९४८ असे दिले जाते. काँग्रेसच्या आत संघ म्हणून झालेली सुरुवात धरायची की काँग्रेसबाहेर स्वतंत्र पक्ष म्हणून झालेली, यावर ते अवलंबून आहे. पक्षाचा विचार सांगताना दाभाडी प्रबंध या त्याच्या धोरणपत्राचे (१९५०) नाव निघते. देशमुख पक्षाच्या पहिल्या पिढीच्या सावलीत वाढले आणि अखेरपर्यंत त्यांनी लाल बावटा सोडला नाही.

निवडणुकांचा हिशेब : १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे त्यांचे अकरा विजय. पराभव दोनच, १९७२ आणि १९९५. विधानसभांच्या क्रमाने पाहिले तर दुसऱ्या विधानसभेपासून तेराव्या विधानसभेपर्यंत फक्त नववी विधानसभा त्यांच्यावाचून भरली. चौथीतही ते अर्ध्या वाटेवर येऊन बसले. १९७४ साल जिल्ह्याच्या राजकारणात आणखी एका कारणाने लक्षात राहिले. करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून सुशीलकुमार शिंदे त्याच वर्षी प्रथम विधानसभेत आले.

देशमुखांच्या आमदारकीचा एकूण काळ सर्रास ५४ किंवा ५५ वर्षे सांगितला जातो. हा आकडा तपासून घेतलेला बरा. १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे. १९७४ ते १९९५ ही साधारण एकवीस, त्यातून १९८० मध्ये विधानसभा बरखास्त होती ते सुमारे चार महिने वजा. १९९९ ते २०१९ ही वीस. बेरीज ५१ च्या आसपास येते. १९६२ पासून २०१९ पर्यंतचा सरळ काळ धरून त्यातून केवळ १९९५–९९ ही वर्षे वजा केली, तर ५३ होतात. बहुधा १९७२–७४ ची खंडित दोन वर्षे विसरल्यानेच आकडा फुगत गेला असावा. २०१२ मध्ये विधिमंडळात त्यांचा पन्नास वर्षांच्या कारकिर्दीबद्दल गौरव झाला. ती पन्नास वर्षे पहिल्या निवडीपासूनची होती, प्रत्यक्ष सदस्यत्वाची नव्हती, हेही येथे ध्यानात घ्यावे. एक्कावन्न वर्षे हा आकडा काही थोडाथोडका नाही. तो वाढवून सांगण्याने आबासाहेबांचे काही वाढत नाही.

‘देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार’ या त्यांना लावल्या जाणाऱ्या विशेषणाबाबतही असेच. तमिळनाडूचे मु. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, पण मतदारसंघ बदलत. एकाच मतदारसंघाची अट घातली तर केरळमधील पाला येथून निवडून येणारे के. एम. माणी पुढे येतात. त्यांचे विजय बारा धरायचे की तेरा, हा प्रश्न १९६५ च्या निवडणुकीमुळे पडतो. त्या वर्षी केरळात निवडणूक झाली, पण बहुमत कोणालाच नसल्याने विधानसभा भरलीच नाही. निवडून येणे मोजायचे असेल तर तेरा, सभागृहात बसणे मोजायचे असेल तर बारा. पुथुपल्लीचे उम्मन चंडी १९७० ते २०२१ या काळात बारा वेळा निवडून आले. सबब देशमुखांच्या बाबतीत ‘महाराष्ट्रात एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा, तेही एकाच पक्षाकडून’ हे विधान अधिक सयुक्तिक आहे. शेवटचा भाग एरवी वगळला जातो. खरे वजन त्यातच आहे, कारण या काळात राज्यात शेकाप आक्रसत गेला आणि सांगोला मात्र त्याच्याकडे राहिला.

१९९५ चा पराभव काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांच्याकडून, १९२ मतांनी झाला. तालुक्यातल्या माण नदीकाठच्या एखाद्या मध्यम गावातल्या एका मतदान केंद्रावर याहून जास्त मते पडतात. पुढच्या निवडणुकांत देशमुखांनी पाटील यांना पुन:पुन्हा हरवले. २०१४ मध्ये फरक पंचवीस हजारांच्या घरात होता.

सभागृहातील मतदान : एखाद्या आमदाराने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले याची यादी काढता येईल, अशी समजूत असते. महाराष्ट्र विधानसभेच्या बाबतीत ती फारशी खरी नाही. बहुतेक प्रस्ताव आवाजी मतदानाने निघतात. अध्यक्ष प्रश्न मताला टाकतात, अनुकूल सदस्य ‘होय’ आणि प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात, अध्यक्ष ‘होय’चे बहुमत जाहीर करतात. कोणी हरकत घेऊन मतविभागणी, म्हणजे सभागृहाच्या बोलीत ‘पोल’, मागितला तरच डोकी मोजली जातात. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावदेखील आवाजी मतदानाने संमत झाला. आवाजात नावे नसतात. त्यातच १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मत हे पक्षादेशाचे झाले. देशमुखांसारख्या, मूठभर आमदारांच्या पक्षातील ज्येष्ठ सदस्याच्या बाबतीत पक्षाची भूमिका आणि त्यांची स्वतःची भूमिका वेगळी काढणे त्यामुळे अवघड जाते.

त्यांची विधिमंडळातील नोंद म्हणूनच बाकांवरून वाचावी लागते. १९६२ पासूनची त्यांची बहुतेक वर्षे विरोधी बाकांवर गेली. १९७७–७८ मध्ये ते विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. सत्ताधारी बाकांवर ते दोनदा मंत्री म्हणून बसले. शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात (१९७८–८०) पहिल्यांदा, आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात दुसऱ्यांदा. २००२ मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले. दोन्ही मिळून मंत्रिपदाचा काळ चार वर्षांच्या आतबाहेर, म्हणजे एकूण सदस्यत्वाचा बारावा-तेरावा हिस्सा. २००९ ची निवडणूक शेकापने ‘रिडालोस’ या डाव्या-रिपब्लिकन आघाडीतून लढवली.

तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अर्थसंकल्पावरील कपात सूचना ही विरोधी आमदाराची आयुधे. इतकी वर्षे विरोधात बसणाऱ्याचे काम याच कागदांत असते, आणि विधानसभेच्या कार्यवाहीच्या खंडांतून ते एकत्र काढले जावे असे प्रस्तुत नोंदलेखकास मनापासून वाटते.

पाणी आणि सूतगिरणी : सांगोला हा पर्जन्यछायेतील तालुका. माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते. खिलार जनावरांचा बाजार आणि अलीकडे डाळिंब ही त्याची ओळख. देशमुख सभागृहाबाहेर असण्याचे दोन्ही काळ पाण्याच्या दृष्टीने कळीचे ठरावेत, हा योग विलक्षण आहे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ते आमदार नव्हते. कृष्णा खोऱ्यातील पाणी अडवण्यासाठी १९९६ मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हाही नव्हते. तरी १९९३ पासून आटपाडीला भरू लागलेल्या दुष्काळी पाणी परिषदेत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत ते पुढे होते. तेरा दुष्काळी तालुक्यांच्या या चळवळीने टेंभू व म्हैसाळ या उपसा योजनांचा प्रश्न लावून धरला. कराडजवळ कृष्णेतून उचललेले टेंभूचे पाणी टप्प्याटप्प्याने सांगोल्याच्या शिवारापर्यंत पोचते. त्यांच्या पुढाकारातून सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. या भागात कापूस पिकत नाही. कापूस बाहेरून आणायचा आणि हाताला काम तालुक्यात द्यायचे, असा तिचा हिशेब.

प्रवास ते एसटीने करीत. लाल गाडीत पुढच्या बाजूला खिडकीच्या वर आमदारांसाठी राखीव आसनाची अक्षरे रंगवलेली असतात. एरवी त्या आसनावर जो आधी चढेल तो बसतो. सांगोल्याच्या गाडीत त्या अक्षरांना धनी होता.

अखेरची वर्षे : वयोमानामुळे २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांचा शहाजीबापू पाटील (तेव्हा शिवसेना) यांच्याकडून ७६८ मतांनी पराभव झाला. गणपतरावांचे ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे निधन झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडून सांगोल्यातून निवडून आले.