रोमकडून लग्न रद्द करून घेणे: आठव्या हेन्रीच्या अर्जाची पात्रता, कागदपत्रे आणि कार्यालय

आधी एक गैरसमज काढून टाकू. आठव्या हेन्रीने घटस्फोट मागितलाच नव्हता. कॅथलिक चर्चमध्ये वैध लग्न मोडायची सोय नव्हती; लग्न मुळातच झाले नव्हते, असा निकाल मात्र मिळवता येई. १५२७ साली इंग्लंडच्या या राजाने स्पेनची राजकन्या कॅथरिन हिच्याबरोबरचा अठरा वर्षांचा संसार असा पुसून टाकायला घेतला.

पात्रता

लग्नात नात्याची आडकाठी होती, हे दाखवावे लागे. हेन्रीकडे ती होती, कारण कॅथरिन त्याची वहिनी. थोरला भाऊ आर्थर याच्याशी तिचे लग्न नोव्हेंबर १५०१ मध्ये झाले आणि पाच महिने व्हायच्या आत तो वारला. भावाच्या बायकोशी लग्न करणारा निःसंतान राहील, असे बायबलच्या लेवीय पुस्तकात आहे. हेन्रीला मेरी ही मुलगी होती. पण आपल्या ‘निपुत्रिक’ या शब्दात पुत्रच मोजला जातो, तसाच अर्थ राजाने लावला. अडचण अशी की त्याच बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, भाऊ मूल नसताना मेला तर दिराने त्याच्या विधवेशी लग्न करावे, अशी आज्ञा आहे.

यातली गंमत पुढेच आहे. ज्या ॲन बोलिनसाठी हा खटाटोप, तिच्या सख्ख्या बहिणीशी राजाचे पूर्वी संबंध होते. चर्चच्या हिशेबी ही आडकाठी वहिनीच्या तोडीचीच. म्हणून ॲनशी लग्न करण्यासाठी पोप सातव्या क्लेमेंटकडे वेगळी सूट, म्हणजे नियमाबाहेरची खास परवानगीही मागावी लागली.

कागदपत्रे

मुख्य कागद म्हणजे हेन्रीला वहिनीशी लग्न करता यावे म्हणून आधीचा पोप दुसरा ज्युलियस याने दिलेली डिसेंबर १५०३ ची सूट. आर्थर-कॅथरिनचा शरीरसंबंध ‘कदाचित’ झाला असेल, असे तीत लिहिले होते. १५२८ मध्ये कॅथरिनने त्याच पोपचा दुसरा कागद पुढे केला. त्यात ‘कदाचित’ नव्हते, आणि पहिल्या कागदातल्या त्रुटींवर बांधलेली हेन्रीच्या वकिलांची बाजू लंगडी पडली. मूळ प्रत स्पेनमध्ये, लंडनच्या हाती फक्त नक्कल. मग ती बनावट ठरवायची धडपड सुरू झाली.

साक्षीपुरावाही जोडला गेला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आर्थरने ‘रात्रभर स्पेनमध्ये होतो’ म्हणत पेला मागवला, असे एका दरबाऱ्याने अठ्ठावीस वर्षांनी सांगितले. कॅथरिन मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, आर्थरने मला स्पर्श केला नाही. पुढे पॅरिस, बोलोन्या वगैरे विद्यापीठांची अनुकूल मतेही गोळा झाली.

अर्ज कुठे करायचा

घोडे इथेच अडले. त्याच पोप सातव्या क्लेमेंटने हेन्रीच्या बहिणीचे, मार्गारेटचे, लग्न १५२७ मध्येच रद्द केले होते. म्हणजे मागणी जगावेगळी नव्हती. पण मे १५२७ मध्ये स्पेनचा राजा आणि सम्राट पाचवा चार्ल्स याच्या सैन्याने रोम लुटले आणि पोप किल्ल्यात कोंडला गेला. चार्ल्स कोण? कॅथरिनचा सख्खा भाचा. मावशीविरुद्ध निकालावर सही करायची कुणी?

मग तारीख पे तारीख. पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कांपेज्यो संधिवाताने कण्हत ऑक्टोबर १५२८ मध्ये लंडनला पोहोचला; न्यायालय बसायला पुढच्या वर्षाचा मे अखेर उजाडला. २१ जूनला लंडनमधल्या ब्लॅकफ्रायर्स मठाच्या भरल्या सभागृहात कॅथरिनने राजापुढे गुडघे टेकले, आपली बाजू मांडली आणि उठून चालू लागली. पुकारा झाला तरी वळली नाही. तिचे अपील रोमला गेले. इकडे त्याच महिन्यात पोप आणि चार्ल्स यांचा तह झाला. जुलैत रोमच्या न्यायालयांची सुटी दाखवून कांपेज्योने काम तहकूब केले, ते पुन्हा सुरू झालेच नाही.

पर्यायी मार्ग

कार्यालयच बदलणे. १५३३ मध्ये पार्लमेंटने रोमकडे अपील करायला बंदी घातली. २३ मे रोजी इंग्लंडचा प्रमुख धर्मगुरू आर्चबिशप क्रॅन्मर याने डन्स्टेबल गावी पहिले लग्न रद्द ठरवले. कॅथरिन हजर राहिली नाही. ॲनशी राजाचे गुपचूप लग्न जानेवारीतच उरकले होते आणि तिला दिवसही गेले होते.

रोमचा निकाल मार्च १५३४ मध्ये आला: कॅथरिनचे लग्न वैध. तोवर ॲनची एलिझाबेथ सहा महिन्यांची झाली होती.