सीपॅप लावूनही झोप का मोडते?

झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याच्या आजारावर (स्लीप ॲप्निया) मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र म्हणजे सीपॅप. सकाळी त्याच्या पडद्यावर हिरवा हसरा चेहरा उमटतो. खाली आकडे: वापर ७ तास, एएचआय (तासाला श्वास किती वेळा अडकला तो आकडा) २. आणि यंत्र बंद करणाऱ्याचं तोंड कोरडं ठाक, डोळे चुरचुरणारे, आंघोळीआधीच जांभया सुरू. तपासणीला गेलं की यंत्रातल्या कार्डावरची माहिती चाळून डॉक्टर म्हणतात, ‘उत्तम चाललंय.’ मग झोप गेली कुठे?

यंत्र खोटं सांगत नसतं. पण ते श्वास मोजतं. झोप मोजायला मेंदूच्या लहरी नोंदवाव्या लागतात आणि त्यासाठीच्या तारा या यंत्राला नाहीत. तुम्ही दोन तास छताकडे बघत पडलात तरी मास्क नाकावर आहे, म्हणजे त्याच्या हिशेबी ते वापराचेच तास. एएचआय काढताना हे तास छेदात जातात आणि आकडा आणखी देखणा होतो. उलटही घडतं. जागेपणी कूस बदलताना आपण सहज श्वास रोखतो, तो यंत्र ‘श्वास थांबला’ म्हणून टिपून ठेवतं.

एएचआय म्हणजे श्वास १० सेकंद किंवा जास्त वेळ थांबला किंवा बराच उथळ झाला, असं तासाला सरासरी किती वेळा घडलं तो आकडा. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. उपचार चालू असताना तो ५ च्या खाली असावा अशी अपेक्षा असते. पण सरासरीच्या पोटात बरंच काही लपतं. सात तासांत एएचआय २ म्हणजे एकूण १४ घटना. त्या रात्रभर विखुरलेल्या असतील तर दुर्लक्ष करावं. त्यातल्या १२ पहाटे सव्वाचार ते साडेचार या पंधरा मिनिटांत झाल्या असतील, तर त्या वेळी कोणी तरी तुमचा गळा धरल्यासारखंच झालं. म्हणून पहिलं काम आकडा सोडून आलेख बघणं. बहुतेक यंत्रांत एसडी कार्ड असतं. ते संगणकाला लावून ‘ऑस्कर’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की रात्रीचा मिनिटामिनिटाचा हिशेब दिसतो: दाब, गळती, श्वास थांबल्याच्या खुणा. जोडीला उशाशी कागद ठेवा. झोप कितीला मोडली आणि मोडली तेव्हा काय जाणवलं, एवढंच लिहा: घसा कोरडा, पोट फुगलेलं, डोळ्यांवर वारा, गुदमरल्यासारखं, की काहीच नाही. सकाळी कागद आणि आलेख शेजारी ठेवले की निम्मं निदान तिथेच होतं.

सगळ्यात जास्त झोप मोडते ती गळतीने. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, ती उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा म्हणून. ती गळती हवीच. वारा शेजारच्याला लागतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणारे लोक आहेत. तसं कधीही करू नये. प्रश्न कडेने निसटणाऱ्या हवेचा. रेस्मेड कंपनीची यंत्रं फक्त ही नको असलेली गळती दाखवतात आणि मिनिटाला २४ लिटर ही तिची मर्यादा धरतात. फिलिप्सच्या बऱ्याच यंत्रांत छिद्रांची हवा धरून एकूण गळती दिसते, त्यामुळे तिथला ३५ चा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. दोन मित्रांनी आपापल्या यंत्रांचे आकडे ताडून बघण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

गळती दिसली की हात आपोआप पट्टे आवळायला जातो आणि तिथेच बिघडतं. मास्कच्या सिलिकॉनच्या गादीला दोन थर असतात. बाहेरचा पातळ पडदा हवेने फुगतो आणि चेहऱ्याच्या चढउतारांवर बसतो. पट्टे आवळले की तो चेपतो, त्याला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून हवा शिट्टी घालत निघते. मग आणखी आवळायचं, सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ. खरी पद्धत अशी: चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा. पलंगावर आडवे व्हा. यंत्र सुरू करून रात्रीच्या दाबावर आणा (बऱ्याच यंत्रांत ‘मास्क फिट’ नावाची सोय असते). सगळे पट्टे सैल सोडा. मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचला, गादी फुगू द्या आणि अलगद परत टेकवा. आधी खालचे पट्टे, मग वरचे, दोन्हीकडचे सारखे ओढा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मग डाव्या-उजव्या कुशीवर वळून बघा. दुकानात खुर्चीवर बसून बसवलेला मास्क घरी गळतो, कारण आडवं झाल्यावर गाल आणि जबडा जागा बदलतात.

आपल्याकडचा एक खास शत्रू म्हणजे तेल. रात्री डोक्याला खोबरेल चोळून झोपायची सवय असेल तर मागचा पट्टा केसांवरून घसरत वर सरकतो आणि मास्क नाकावर तिरका होतो. चेहऱ्याच्या तेलाने गादी निसरडी होते आणि लवकर सैलावते. तेल सकाळी आंघोळीआधी लावावं आणि गादी रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. ओठांवर आलेल्या भरघोस मिशा आणि पूर्ण चेहऱ्याचा मास्क यांचं मात्र बऱ्याचदा जुळत नाही; नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या गाद्यांचा मास्क मिशीवाल्यांना सोयीचा. गादी ही झिजणारी वस्तू आहे. खिशातून पैसे जातात म्हणून एकच गादी दोन-दोन वर्षं वापरली जाते आणि मग ‘यंत्र बिघडलं’ अशी तक्रार येते. बोटाने दाबल्यावर ती लगेच मूळ आकारात येत नसेल तर बदला. क्लिपमध्ये चुंबक असलेला मास्क मात्र पेसमेकर बसवलेल्यांनी घेऊ नये. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असला तरी हाच नियम.

कोरड्या तोंडाचं कारण बहुधा वेगळं असतं. नाकाचा मास्क लावला आणि झोपेत जबडा सैलावला की नाकातून आत गेलेली हवा तोंडातून बाहेर पडते. आलेखात हे ओळखू येतं: गळतीची रेघ एकदम चढते, वीस-तीस मिनिटं पठारासारखी वरच राहते आणि तुम्ही जागे होताच खाली येते. लगेच पूर्ण चेहऱ्याचा मास्क घेऊ नका. आधी नाक मोकळं करा, कारण तोंड बऱ्याचदा नाक चोंदल्यामुळेच उघडतं. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा फवारा आणि ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, दोन रात्रींत सोडून देऊ नये. नाक झटक्यात उघडणारे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर उलट जास्त चोंदतं. नाकाचा पडदा फारच वाकडा असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. एवढं करूनही तोंड उघडंच राहिलं तर हनुवटीचा पट्टा किंवा पूर्ण चेहऱ्याचा मास्क. हा मास्क काहींचा जबडा मागे ढकलतो आणि मग जास्त दाब लागतो, हे माहीत असलेलं बरं. तोंडाला पट्टी चिकटवण्याचे व्हिडिओ फिरत असतात. चोंदलेलं नाक, उलटीची शक्यता किंवा दारू यांपैकी काहीही असेल तर ते धोक्याचं आहे.

दाबाकडे वळू. सीपॅपचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि तो ४ ते २० पर्यंत ठेवता येतो. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा, सायकलची ट्यूब फुगवली की चपटी होत नाही तसा, ही कल्पना सिडनीच्या कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. तेव्हा दाब एकच, ठरलेला असे. आता ऑटो यंत्रं घसा मिटतोय असं दिसलं की दाब वाढवतात आणि पुष्कळदा ती ४ ते २० या आहे त्याच मर्यादेवर घरी येतात. हा आळस रुग्णाला महागात पडतो. चार सेंटिमीटरला बऱ्याच मोठ्या माणसांना हवा अपुरी वाटते, म्हणून मास्क लावल्या लावल्या गुदमरल्यासारखं होतं. झोप लागल्यावर घसा मिटतो, यंत्र त्याच्या मागे धावतं, दाब झपाट्याने १४-१५ वर जातो, मास्क कडेने उचलला जातो, डोळ्यांवर वारा येतो आणि जाग येते. अहवालात ‘९५ टक्के’ या नावाचा आकडा असतो. म्हणजे रात्रीचा ९५ टक्के वेळ दाब तेवढा किंवा त्याहून कमी होता. तो ११ असेल तर किमान दाब ४ वरून ८ च्या आसपास आणि कमाल १३ च्या आसपास आणण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. दाबांतला हा चढउतार कमी झाला की बऱ्याच जणांची झोप सलग होते.

श्वास सोडताना दाब १ ते ३ सेंटिमीटरने उतरवण्याची सोय असते. रेस्मेडमध्ये तिला ईपीआर म्हणतात. नवख्यांना ती फार आवडते, पण श्वास सोडतानाचा दाब तेवढा उतरतो हे विसरू नका. ती ३ वर नेल्यानंतर घटना वाढल्या असतील तर कारण समोरच आहे. सकाळी पोट नगाऱ्यासारखं आणि ढेकरांवर ढेकर, हे हवा गिळल्याचं लक्षण. कमाल दाब थोडा कमी करणं, डाव्या कुशीवर झोपणं, रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवणं, आम्लपित्त असल्यास त्यावर उपचार घेणं, या क्रमाने जा.

आता त्या पहाटेच्या बारा घटनांचं. घटना अशा झुबक्याने येत असतील तर आधी उशी बघा. उंच उशीवर हनुवटी छातीला टेकते आणि घशाची नळी मुडपते. बागेतल्या पाइपला मुरड पडली की नळ कितीही सोडा, पाणी येत नाही. दाब वाढवून इथेही फारसा उपयोग होत नाही. उशी पातळ करा, डोकं आणि खांदे एका रेषेत आणा. उताणं झोपल्यावरच झुबके येत असतील तर बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याचा जुना उपाय आहे. दिसायला हास्यास्पद, पण फुकटात मिळणारा.

आलेखात ‘क्लिअर एअरवे’ किंवा ‘सेंट्रल’ अशा खुणा जास्त असतील तर गोष्ट वेगळी. यात घसा उघडा असतो, पण श्वास घेण्याचा मेंदूचा हुकूमच चुकतो. यंत्र हवेत बारीक कंपनं सोडतं आणि ती कशी परततात त्यावरून वाट उघडी की बंद ते ओळखतं. उपचार नव्याने सुरू केल्यावर असं काहींना होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप थांबतं. इथे स्वतः दाब वाढवणं हा सगळ्यात चुकीचा उपाय. त्याने अशा घटना वाढूही शकतात. त्या टिकून राहिल्या तर झोपतज्ज्ञाकडेच जा. यासाठी एएसव्ही नावाचं वेगळं यंत्र असतं. पण हृदयाची पंप करण्याची क्षमता ४५ टक्के किंवा त्याखाली असलेल्या हृदयरुग्णांत त्याने मृत्यूचा धोका वाढल्याचं २०१५ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून त्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेणं टाळू नये.

ओलाव्याचं थोडक्यात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा एसी लावल्यावर ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारी यंत्राची पाण्याची टाकी) एकेक अंकाने वाढवा. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येत असेल आणि नाकावर थेंब पडत असतील तर यंत्र पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवा, नळीला कापडी खोळ घाला किंवा तापणारी नळी घ्या. पाणी डिस्टिल्ड हवं. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. त्याने टाकीच्या तळाशी पांढरा थर येतो. रोजचं उरलेलं पाणी फेकून टाकी वाळवा. आपल्याकडच्या धुळीत यंत्रामागचा फिल्टर दर महिन्याला उजेडात धरून बघा. राखाडी झाला की बदला. ओझोन सोडणाऱ्या सफाई यंत्रांवर पैसे घालवू नका, साबण-पाणी पुरतं. वीज जाणाऱ्या गावी इन्व्हर्टरवर ह्युमिडिफायर आणि नळीची उष्णता बंद ठेवली तर बॅटरी कितीतरी जास्त टिकते. विजेचा मोठा वाटा तेच खातात.

हे सगळं ठीक असूनही डोळ्याला डोळा लागत नसेल तर बहुधा निद्रानाशही सोबतीला आहे. स्लीप ॲप्निया आणि निद्रानाश एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही आणि यंत्र निद्रानाशावर काही करू शकत नाही. मास्कची धास्ती असेल तर दिवसा टीव्ही बघताना वीस-तीस मिनिटं यंत्र चालू ठेवून तो लावून बसा, रोज, आठवडाभर. रात्री ‘यंत्र लावायचंय’ म्हणून साडेनऊलाच आडवे होऊ नका. पेंग आल्यावरच पलंगावर जा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. उठण्याची वेळ रविवारीही तीच. निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचारात याच गोष्टी शिस्तीने करून घेतात. तीन वाजता वैतागून मास्क काढून टाकणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: स्वप्नांची झोप मुख्यतः पहाटे असते, तिच्यात स्नायू सर्वांत सैल असतात, म्हणजे सर्वांत वाईट घटना बिनमास्कच्या तासांतच होतात. त्या कुठल्याही अहवालात दिसत नाहीत.

रात्र सलग जाते आणि तरीही दिवसा डुलक्या येतात, अशांनी रक्त तपासावं: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी१२. फेरिटिन ७५ च्या खाली आणि संध्याकाळी पायांत चुळबुळ असेल तर ‘अस्वस्थ पाय’ हा त्रास असू शकतो. त्यात पाय हलले की झोप तुटते. सर्दीसाठी घेतलेल्या ॲलर्जीच्या काही गोळ्यांची सुस्ती दुसऱ्या दिवशीही रेंगाळते. डुलक्या येत असतील तोवर गाडी चालवू नका.

बदल एका वेळी एकच करा आणि पाच ते सात रात्री थांबा. उशी, दाब आणि मास्क एकाच दिवशी बदलले तर बरं कशामुळे वाटलं ते कधीच कळत नाही. डॉक्टरांकडे जाताना कार्ड, उशाचा कागद आणि मास्क पट्ट्यांसकट न्या. मास्क तिथे खुर्चीत बसून नव्हे, तपासणीच्या टेबलावर आडवं पडून लावून दाखवा.