खहर

खहर म्हणजे छेदस्थानी शून्य असलेली राशी. ‘ख’ म्हणजे शून्य, ‘हर’ म्हणजे भाजक. भास्कराचार्यांनी (जन्म शके १०३६, इ.स. १११४) ‘बीजगणित’ ग्रंथात ही संज्ञा वापरली आहे.

शून्याने भाग जात नाही, हे शाळेत पाठ होते. कारण क्वचितच सांगितले जाते. १२ ला शून्याने भागून जे उत्तर येईल, त्याला शून्याने गुणल्यावर १२ परत मिळायला हवेत. असा आकडाच नाही. ० भागिले ० ची अडचण उलटी : तेथे कोणताही आकडा चालतो. ‘अनंत’ हे उत्तर चटकन सुचते, पण टिकत नाही. रावेरच्या केळीच्या ढिगातून दर खेपेला शून्य घड उचलले, तर कितीही खेपा करा, ढीग आहे तेवढाच राहील. शिवाय भाजक धन बाजूने शून्याकडे नेला तर भागाकार वाढत सुटतो, ऋण बाजूने नेला तर तितकाच उणे होत जातो.

ब्रह्मगुप्तांनी (इ.स. ६२८) शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे सांगून टाकले. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या मते शून्याने भागलेली संख्या तशीच राहते. दोन्ही उत्तरे चुकीची. भास्कराचार्यांनी खहर अनंत मानला : त्यात काही मिळवले वा त्यातून काही काढले तरी फरक पडत नाही, जसा प्रलयकाळी जीव सामावल्याने किंवा सृष्टीकाळी बाहेर पडल्याने अच्युतात पडत नाही. ही उपमाच लोक उद्धृत करतात. त्यांची खरी करामत ‘लीलावती’त आहे. तेथे विचारले आहे : एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्ध मिळवले, तीनने गुणले आणि शून्याने भागले, तर ६३ येतात, ती संख्या कोणती? उत्तर १४. कारण पुढे क्रिया शिल्लक असेल तर शून्याचा गुणाकार लगेच उरकायचा नाही, शून्य गुणक म्हणून तसेच धरून ठेवायचे, असा त्यांचा नियम. शेवटी भाजक शून्य आले की दोन्ही शून्ये जातात आणि मूळ संख्येची साडेचारपट म्हणजे ६३, एवढेच उरते. आजच्या काटेकोरपणाने हे बसत नाही, पण शून्याच्या जागी अतिसूक्ष्म राशी घेतली की ही सीमा (लिमिट) काढण्याचीच रीत होते. ग्रहगणितात हिचा मोठा उपयोग आहे, असे तेच नोंदवतात.

चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पेठेतील मालावरचा राजाचा हिस्सा आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असा तो व्यवहारी मजकूर. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांनी आपले गाव म्हणून सांगितलेले विज्जडविड ते हेच, असे खान्देशात मानतात. पण लेखाने सिद्ध होतो तो नातवाचा मठ, आजोबांचा जन्म नव्हे.

संगणकांच्या १९८५ च्या द्विमान फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकी आकडेमोडीच्या) मानकात १ भागिले ० ला अनंत आणि ० भागिले ० ला ‘संख्या नव्हे’ असे उत्तर ठरवले आहे. ही सोयीची व्यवस्था आहे, सिद्धता नाही.

विश्वाच्या मुळाशी गणितच आहे का, हा वाद खहरापाशी येऊन अडतो. निसर्गाचा ग्रंथ गणिताच्या भाषेत लिहिला आहे, असे गॅलिलिओने १६२३ मध्ये म्हटले. भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांना १९६० मध्ये गणिताच्या या अनाकलनीय यशाचेच आश्चर्य वाटले. आजचे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क तर विश्व ही एक गणिती रचनाच आहे, असे म्हणतात. तसे असेल तर समीकरणातल्या शून्य छेदाचे काय करायचे? आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांना श्वार्त्सशिल्ड यांनी काढलेल्या १९१६ च्या उत्तरात असे छेद दोन ठिकाणी येतात. कृष्णविवराच्या क्षितिजावरचा, म्हणजे जेथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेवरचा, छेद केवळ मोजणीच्या पद्धतीचा दोष आहे. सहनिर्देशक बदलले की तो जातो. केंद्रातला मात्र काही केल्या जात नाही, कारण तेथे अवकाशकालाची वक्रताच अनंत होते. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ त्याला विश्वातली वस्तू मानत नाहीत. सापेक्षता सिद्धांत तेथे अपुरा पडतो, एवढाच अर्थ ते घेतात.