पापुद्रा नसलेला मटार

मटार सोलल्यावर उरलेल्या सालींची भाजी करण्याची रीत अनेक मराठी घरांत आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक सालीच्या आतला चिवट, कागदासारखा पापुद्रा ओढून काढावा लागतो आणि या कामात अर्धी दुपार जाते. बाजारात स्नो पीज म्हणून मिळणाऱ्या चपट्या शेंगेत हा पापुद्रा मुळातच नसतो, आणि तिचा इतिहास बव्हंशी या एका उणिवेचाच इतिहास आहे.

इंग्रज वनस्पतिज्ञ जॉन जेरार्ड याने १५९७ मध्ये या वाटाण्याची नोंद केली आहे. साध्या शेंगेतला पापुद्रा डुकरांनाही खाववत नाही, ही शेंग मात्र सालीसकट खाता येते आणि अतिशय रुचकर लागते, असे तो म्हणतो. पुढे आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याचे जे सात गुणधर्म अभ्यासले, त्यांत शेंग फुगीर आहे की दाण्यांच्या मधोमध आवळलेली, हाही एक होता. आवळलेली शेंग म्हणजेच पापुद्रा नसलेली शेंग. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधानुसार या दोन प्रकारांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतील १,१८१ झाडांपैकी ८८२ झाडांना फुगीर आणि २९९ झाडांना आवळलेल्या शेंगा आल्या, म्हणजे पापुद्रा नसणे हा अप्रभावी, संकरात दुसऱ्या गुणाखाली झाकला जाणारा गुण ठरला. तरीही वाटाण्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळत असल्यामुळे, एकदा हाती लागलेले असे वाण शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखता आले.

नावांचा घोळ गमतीचा आहे: इंग्रजीत ही शेंग चिनी म्हणवली जाते, तर चिनी भाषेत तिला हॉलंडची शेंग म्हणतात. कॅल्विन लँबॉर्न यांनी अमेरिकेत संकरातून तयार केलेला आणि १९७९ मध्ये बाजारात आलेला गुबगुबीत शुगर स्नॅप हा तिचा वंशज असला, तरी वेगळा वाण आहे.

दाणे भरण्याआधीच तोडल्यामुळे या शेंगेच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे ३ ग्रॅमच असतात, तर सोललेल्या मटारात ती ५ ग्रॅमांहून अधिक असतात; उलट क जीवनसत्त्व मटारात सुमारे ४० आणि हिच्यात सुमारे ६० मिलिग्रॅम असते. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरते व उष्णतेने घटते, म्हणून शेंगा उकळून पाणी फेकणे हा निव्वळ तोटा आहे. पापुद्रा नसला तरी कडेची शीर असतेच. ती घेवड्यासारखी ओढून काढावी आणि शेंगा लसणाच्या फोडणीत मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, दोनच मिनिटे परताव्यात. उपम्यात घालायच्या असतील, तर तिरक्या चिरून अगदी शेवटी घालाव्यात.