झडप बदलण्याची पूर्वमंजुरी: फाइल नेमकी कुठे अडते

हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी एऑर्टिक झडप अरुंद झाली, डॉक्टरांनी ती बदलायला सांगितली, की विमा किंवा योजनेतून खर्चाची मंजुरी मिळवण्यासाठी फाइल तयार होते. ओळखपत्र, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, अँजिओग्राफी हे कागद सहसा लागतातच. त्यात फारसं कोणी अडकत नाही. अडकतात ते इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर.

'झडप खूप अरुंद' एवढा शेरा पुरत नाही. फाइल तपासणारा आकडे शोधतो: झडपेचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटरपर्यंत आकसलेलं, सरासरी ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, ४० मिमी पारा किंवा जास्त, रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त. आता खरी गोची. हृदयच थकलं असेल तर त्याला जोर लावता येत नाही, ग्रेडियंट २५-३० वरच राहतो आणि फाइलवर 'निकषात बसत नाही' असा शेरा पडतो. म्हणजे जो जास्त आजारी, त्यालाच नकार! अशा रुग्णाचा डोब्युटामिन (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) देऊन केलेला इको किंवा झडपेवरचं कॅल्शियम मोजणारा सीटी पहिल्याच खेपेला जोडा. सोबत कमी ग्रेडियंटचं कारण सांगणारं कार्डिओलॉजिस्टचं पत्रही हवं.

लक्षणांच्या रकान्यात 'त्रास नाही' लिहून मोकळे होऊ नका. जिना चढणंच सोडलेल्या माणसाला दम लागणार कसा? काय काय बंद केलं, तेही डॉक्टरांना सांगा. चक्कर, छातीत दुखणं, एकदाच आलेली बेशुद्धी, सगळं केसपेपरवर आलं पाहिजे.

मंजुरी कोणत्या पद्धतीला मिळाली तेही वाचा. छाती उघडून करायच्या शस्त्रक्रियेची मंजुरी टावीला, म्हणजे मांडीतून नळी घालून झडप बसवण्याला, चालेलच असं नाही. टावीसाठी सीटी आणि हार्ट टीमचा, म्हणजे कार्डिओलॉजिस्ट आणि हृदय-सर्जन यांचा मिळून घेतलेला, लेखी निर्णय तयार ठेवा. टावीनंतर काहींना पेसमेकर लागतो. तो खर्च मंजुरीत धरलाय का, हे आधीच विचारा. ऐनवेळी आयसीयूबाहेर नातेवाइकांना सह्यांसाठी पळवणं क्रूरपणाच आहे.

दातांत जंतुसंसर्ग नाही असा दातांच्या डॉक्टरांचा दाखला अनेकांना फालतू वाटतो. तो फालतू नाही. दातांतले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसले तर जिवावर बेतू शकतं. दात काढायचा निघाला तर तारीख पुढे जाते, म्हणून तो दाखला सगळ्यात आधी घ्या आणि मंजुरीची मुदत कधी संपते ते पाहून ठेवा.

धातूची झडप निवडली तर वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध आणि ते किती पातळ झालंय हे पाहणारी आयएनआर तपासणी जन्मभराची. तो खर्च या मंजुरीत बहुधा नसतो. डिस्चार्जच्या वेळी झडपेचं कार्ड मागून घ्या. पुढे एमआरआय करायची वेळ आली तर तेच आधी मागतात.